सांडलेला पारा, विसरलेलं कोबाल्ट

मागे उभे आहेत त्यांनी पुढं यावं, पहिल्या दोन ओळी रिकाम्या आहेत. कोल्हापुरात पहिल्या ओळीत बसायला लोक का भितात, हे मला चाळीस वर्षं शिकवून कळलं नाही.

आजचा विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरानं रसायनाच्या बाटल्यांत कशाला नाक खुपसावं? बाटलीत नाक खुपसू नये, हे तर मी सांगणारच आहे. पण विषय माझ्या प्रांताबाहेरचा नाही. विद्यापीठाच्या आवारात घातक पदार्थ सांडला, गळला, फुटला, तर तिथल्या माणसांपुढचा पहिला प्रश्न रसायनशास्त्राचा नसतोच. पहिला प्रश्न असतो, की हे समोर पडलंय ते काय आहे? आणि ते मला कळणार कसं? हा ज्ञानाचा प्रश्न आहे, आणि त्याला इतिहास आहे. तो आज थोडा बघू.

सुरुवात पाऱ्यापासून करतो, कारण पारा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. शाळेत थर्मामीटर फुटायचा, चकचकीत गोळ्या फरशीवर पळायच्या, आणि आम्ही त्या बोटानं जुळवून एक मोठी गोळी करायचो. मग सर ओरडायचे आणि कोणीतरी गंधकाची पूड आणून टाकायचं. गंधकच का, हे कोणी सांगायचं नाही. आपल्या रसशास्त्रात मात्र पारा आणि गंधक खलात घोटून कज्जली करायची रीत फार जुनी आहे. दोन्ही जिन्नस मिळून काळी पूड होते, पारा पळायचा थांबतो. प्रयोगशाळेतला उपाय त्याच संयोगावर उभा आहे. फक्त एक फरक लोक विसरतात. वैद्य खलात तासन्‌तास घोटतो. फरशीवर भुरभुरवलेला गंधक तेवढ्यानं पाऱ्याला धरत नाही. पूड टाकली म्हणजे काम संपलं असं नाही, ती पाऱ्यासकट गोळा करावी लागते. आमच्या शाळेत ती टाकली जायची आणि दुसऱ्या दिवशी झाडूनं कोपऱ्यात जायची.

विसाव्या शतकाच्या पहिल्या पावशतकात युरोपातल्या उत्तम प्रयोगशाळांचीही हीच गत होती. आल्फ्रेड स्टॉक हा जर्मनीतला मोठा रसायनशास्त्रज्ञ. बोरॉनच्या संयुगांवर काम करायचा, आणि त्याची सगळी उपकरणं पाऱ्यावर चालायची. अनेक वर्षं त्याचं डोकं दुखायचं, चक्कर यायची, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे स्मरणशक्ती जायला लागली. त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांनाही असेच त्रास होते. १९२४ च्या सुमारास उलगडा झाला, की जमिनीच्या फटींत, टेबलांच्या खाचांत वर्षानुवर्षं सांडलेल्या पाऱ्याची वाफ खोलीत भरून राहिली आहे आणि आपण तीच श्वासात घेतो आहोत. १९२६ साली त्यानं पाऱ्याच्या वाफेच्या धोक्यावर निबंध छापला आणि उरलेलं आयुष्य त्याच प्रश्नाला दिलं. थंडीतापाचा, अतिश्रमाचा म्हणून सोडून दिलेला आजार फरशीवरच्या सांडण्याशी जोडणारा हा माणूस. मला त्यातली एक गोष्ट विलक्षण वाटते. ज्या विषानं आठवण पुसली जाते, त्याचा शोध घ्यायला या माणसाला आपलीच आठवण वापरायची होती.

मँचेस्टर विद्यापीठात रदरफोर्ड १९०७ ते १९१९ होता. अणूला केंद्रक असतं, ते तिथल्या कामातून पुढं आलं. त्याच्या खोल्या पुढं दुसऱ्या विभागांना दिल्या, मानसशास्त्राचे प्राध्यापक तिथं बसू लागले. अनेक दशकांनी लाकडी जमिनीखाली पारा आणि किरणोत्सारी अंश सापडले, साफसफाई करावी लागली. तिथं बसून गेलेल्या काही जणांना कर्करोग झाला, त्यावरून इंग्लंडच्या वर्तमानपत्रांत २००८ साली मोठा गदारोळ उठला. स्वतंत्र चौकशी झाली, आणि २००९ चा निष्कर्ष असा, की त्या आजारांचा खोल्यांतल्या अवशेषांशी संबंध असण्याची शक्यता कमी आहे. मी हा निष्कर्ष मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टींत भीतीची गोष्ट लवकर पसरते आणि चौकशीची गोष्ट कोणी वाचत नाही. पण माझ्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. खोलीचा मालक बदलला, पाटी बदलली, जमिनीखालचं मात्र नव्या माणसाला कोणी सांगितलं नाही.

पाऱ्याचं आणखी एकच. अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात कॅरन वेटरहान या प्राध्यापिका होत्या, विषारी धातूंच्याच तज्ज्ञ. ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथिल मर्क्युरीचे दोन-चार थेंब त्यांच्या लॅटेक्सच्या हातमोज्यावर सांडले. हवा ओढून घेणाऱ्या कपाटाखाली काम चालू होतं, त्यांनी त्या काळच्या पद्धतीप्रमाणे आवराआवर केली, हातमोजे काढले. पाच महिन्यांनी तोल जायला लागला, बोलणं अडखळायला लागलं. जून १९९७ मध्ये त्या गेल्या, वय अवघं ४८. नंतर चाचण्या केल्या तेव्हा कळलं, की तो द्रव लॅटेक्समधून काही सेकंदांतच आरपार जातो. त्यांनी नियम पाळला होता. नियमालाच माहीत नव्हतं.

आता माझ्या शास्त्राकडं वळतो. आपल्या न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. प्रत्यक्ष म्हणजे डोळ्यांनी, नाकानं, त्वचेनं कळतं ते. अनुमान म्हणजे डोंगरावर धूर दिसला तर तिथं आग आहे असं ओळखणं. आणि शब्द म्हणजे विश्वासाच्या, जाणत्या माणसाचं सांगणं. परीक्षेला मुलं प्रत्यक्षाला सगळ्यांत वरचा मान देतात आणि शब्दावर चार ओळी लिहून सोडून देतात. सांडलेल्या घातक पदार्थापुढं हा क्रम उलटा होतो. क्लोरीनचा वास येतो, ब्रोमीनचा तांबडा धूर दिसतो, तिथं इंद्रियं निदान ओरडतात तरी. पण वास घेऊन ओळखायला गेलात तर ओळख पटेपर्यंत छाती भाजलेली असते. आणि कोबाल्ट-६० सारख्या पदार्थाला तर रंग नाही, वास नाही, त्याचा चटका त्या क्षणी जाणवतसुद्धा नाही. तिथं प्रत्यक्ष संपलं. अनुमानाला धूर दिसतो तो काही दिवसांनी, रुग्णालयात, काळवंडलेल्या कातडीवर. म्हणजे वेळेवर उपयोगी पडेल असं एकच साधन उरलं, शब्द. बाटलीवरची पट्टी, यंत्रावरची पाटी, वहीतली नोंद, जाणत्या माणसानं मागच्याला सांगितलेलं वाक्य. तो शब्द पुसला गेला की काय होतं, हे आपल्या देशात २०१० साली दिसलं.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायन विभागात गॅमासेल-२२० नावाचं एक यंत्र होतं, कॅनडात बनलेलं. आत कोबाल्ट-६०, बाहेर शिशाचं जाड कवच. हे यंत्र विद्यापीठाकडं १९६८ पासून होतं. तुलना हवी असेल तर, आपलं शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं १९६२ च्या नोव्हेंबरात, म्हणजे तेव्हा सागरमाळावर आपला संसार नुकता मांडला जात होता. १९८५ नंतर ते यंत्र कोणी वापरलं नाही. पंचवीस वर्षं ते नुसतं जागा अडवून बसलं. पंचवीस वर्षांत विभागात किती माणसं निवृत्त होतात, हे इथं बसलेल्या निवृत्तांना मी सांगायला नको. फेब्रुवारी २०१० मध्ये त्याचा लिलाव झाला आणि मायापुरीच्या भंगार बाजारात ते गेलं.

भंगारवाल्यासाठी ते काय होतं? शिसं आणि पोलाद. त्यानं तेच केलं जे त्याचा धंदा आहे: तोडलं, वेगळं केलं. आतल्या कोबाल्टचे तुकडे झाले. एक बारीक तुकडा तर एकानं पाकिटात ठेवला, खिशात घेऊन फिरला. काही तुकडे शेजारच्या दुकानात गेले. एप्रिलच्या सुरुवातीला माणसं आजारी पडून रुग्णालयात यायला लागली, आणि डॉक्टरांना शंका आली, की हे भाजणं साध्या आगीचं नाही. तिथून मग अणुऊर्जा नियामक मंडळाची, भाभा अणुसंशोधन केंद्राची माणसं आली, मोजमापाची यंत्रं घेऊन गल्लीबोळ पालथे घातले, तुकडे शोधले, शिशात बंद करून नरोऱ्याच्या अणुवीज केंद्रावर हलवले. आठ जणांना उपचार घ्यावे लागले. त्यातला एक गेला. भंगाराच्या दुकानातला कामगार होता तो.

तुमच्यातले विज्ञानवाले लगेच हिशेब करतील. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल सव्वापाच वर्षांचा. १९६८ ते २०१० म्हणजे आठ वेळा निम्मं निम्मं झालं, मूळच्या तीव्रतेचा जेमतेम अडीचशेवा भाग उरला. तेवढ्यानंही माणूस मेला. विद्यापीठाची आठवण मात्र त्याच्याही आधी संपली होती. कोबाल्टचा अर्धायुकाल पुस्तकात छापलेला असतो, संस्थेच्या आठवणीचा कोणी मोजत नाही.

हा प्रकार जगात पहिलाही नव्हता. ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात १९८७ साली रिकाम्या पडलेल्या उपचारकेंद्रातून सिझियमचं यंत्र असंच भंगारात गेलं होतं. अंधारात निळं चमकतं म्हणून लोकांनी ती पूड घरी नेली, नातेवाइकांत वाटली. चार जण गेले, एक लाखाहून अधिक लोकांना तपासावं लागलं. तिथून जगाला कळलं, की किरणोत्साराचं जे तीन पाकळ्यांचं चिन्ह आहे ते शिकलेल्यालाच कळतं. शब्दाचा हा गुणच आहे, ऐकणाऱ्याला भाषा यावी लागते. मग आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं अकरा देशांतल्या सामान्य माणसांना चित्रं दाखवून पाहिली, भारतही त्यात होता, आणि २००७ साली एक जादा चिन्ह काढलं: लाल त्रिकोणात किरणं, कवटी आणि पळणारा माणूस. निरक्षरालाही कळेल असं. दिल्लीतलं यंत्र त्याच्या चाळीस वर्षं आधीचं.

आणि असं समजू नका, की ही दूरच्या दिल्लीची गोष्ट झाली. त्याच वर्षी, १४ जुलैच्या पहाटे, मुंबईत शिवडीला हाजी बंदरात पोर्ट ट्रस्टच्या आवारात क्लोरीनचा एक सिलिंडर गळला. बाहेरून आयात झालेले, कोणी सोडवून न नेलेले सिलिंडर तिथं वर्षानुवर्षं, दहा वर्षांहून जास्त काळ, पावसात गंजत पडले होते. शंभराच्या वर माणसांना रुग्णालयात न्यावं लागलं. आणि त्यात मोठा भरणा होता तो शेजारच्याच सागरी प्रशिक्षण संस्थेच्या विद्यार्थ्यांचा. गाढ झोपेतून उठून धावलेली पोरं. इथं पदार्थ विद्यापीठाचा नव्हता, पण आवार विद्यार्थ्यांचं होतं. माझ्या मनात तेव्हापासून एक प्रश्न आहे: कुंपणापलीकडं काय ठेवलंय, हे त्या मुलांना कोणी, कधी सांगितलं असेल का? क्लोरीन हवेपेक्षा अडीचपट जड. तो जमिनीलगत, सखल भागाकडं वाहतो. म्हणजे त्यापासून पळायचं ते वाऱ्याच्या उलट्या अंगाला, किंवा आडवं, आणि उंचावर. पळायचं कुठं हे ठरवायला आधी नाव कळावं लागतं. खाली मान घालून जो खोलगटात बसला, तो अडकला.

सरकारनं काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. भोपाळ १९८४, त्याच्या पुढच्या डिसेंबरात दिल्लीत श्रीराम कारखान्यातली ओलियमची गळती, मग १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८९ चे घातक रसायनांचे नियम, १९९६ चे रासायनिक अपघातांचे नियम. पण हे नियम कारखाना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत. त्यातल्या कडक तरतुदी ठराविक टनांच्या वर साठा असेल तरच लागू होतात. कॉलेजच्या कपाटात टन नसतात, तिथं शंभर प्रकारच्या अर्ध्या अर्ध्या बाटल्या असतात, एकमेकींना खेटून, आणि बरेचदा नावाच्या आद्याक्षराप्रमाणे लावलेल्या. आद्याक्षराप्रमाणे लावल्यावर जे पदार्थ कधी भेटू नयेत ते शेजारी येतात. ग्रंथालयाची शिस्त प्रयोगशाळेत चालत नाही.

आपल्याकडं वस्तूचा शब्द जपायची जागा म्हणजे डेडस्टॉक रजिस्टर. इथं बरेच जण हसताहेत, म्हणजे अनुभव आहे. त्या वहीत वस्तूचं नाव असतं, खरेदीची तारीख असते, किंमत असते. ती वस्तू काय करू शकते, याला रकाना नाही. वस्तू जुनी झाली की निर्लेखन समिती बसते, आणि निर्लेखन या शब्दाचा अर्थच बघा, लिहिलेलं काढून टाकणं. वस्तू जायच्या आधी तिचा शब्द जातो. उलटं व्हायला हवं. वस्तू गेल्यावरही शब्द राहायला हवा.

अशा एका समितीवर मी कलाशाखेचा प्रतिनिधी म्हणून बसलो होतो. कॉलेजचं नाव घेत नाही, आपल्याच भागातलं. आम्ही रसायनाच्या भांडारात यादी घेऊन उभे. तिथले परिचर, त्यांना सगळे मामा म्हणायचे, दारात आडवे उभे राहिले. म्हणाले, "सर, बाकी काय बी न्या. त्या वरच्या फळीवरच्या पिवळ्या बाटलीच्या झाकनाला मात्र हात लावायचा न्हाई." कशाला, तर आधीच्या विभागप्रमुखांनी बजावलं होतं. ते प्रमुख निवृत्त होऊन वीस वर्षं झालेली. बाटलीवरची पट्टी झुरळांनी खाल्लेली. आमच्यातला एक तरुण अध्यापक म्हणाला, उघडून बघू. मामा हलले नाहीत. शेवटी त्या जुन्या सरांना फोन लावला, ते पुण्याला मुलाकडं होते, आणि ते म्हणाले, अरे, ते पिक्रिक आम्ल आहे. ओलं असतं तोवर ठीक, वाळलं की स्फोटक. झाकणाच्या आट्यांत त्याचे खडे धरतात आणि फिरवताना घासले गेले तरी पुरतं. खोलीला कुलूप लावलं, पोलिसांचं बॉम्बनाशक पथक आलं, त्यांनी ती बाटली अलगद नेली.

न्यायशास्त्रात ज्याला आप्त म्हणतात, म्हणजे ज्याला वस्तू खरी माहीत आहे आणि जो ती खरी सांगतो, तो त्या दिवशी दहावी नापास होता. आणि त्याच्या निवृत्तीला दोन महिने राहिले होते. दोन महिन्यांनी समिती बसली असती तर?

हे मी कौतुकासाठी सांगत नाही, मला त्यात अन्यायही दिसतो. आवारात काही सांडलं की ते पुसायला कोण जातं? ज्यानं मागवलं तो नाही, ज्यानं त्यावर निबंध लिहिला तो नाही. परिचर जातो, सफाईवाली मावशी जाते. हातात फडकं, आणि बहुतेक वेळा पाण्याची बादली. पाणी म्हणजे स्वच्छता हा आपला संस्कार. पण सोडियमवर पाणी पडलं तर आग होते, तिथं कोरडी वाळू लागते. तीव्र सल्फ्युरिक आम्लावर थोडं पाणी टाकलं तर ते उसळतं, तिथं आधी सोडा नाहीतर चुना हळूहळू टाकायचा. नायट्रिकचा तांबूस धूर तर कोल्हापूरकरांनी हुपरीच्या चांदीवाल्यांकडं पाहिलेला असतो. तो छातीत गेला तर माणूस त्या वेळी खोकतो, बरा होतो, घरी जातो, आणि काही तासांनी, रात्री, फुप्फुसात पाणी भरतं. म्हणून त्याला घरी पाठवायचं नाही, डॉक्टरच्या नजरेखाली ठेवायचं. डोळ्यांत उडालं तर मात्र पाणीच, आणि ते पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. आता या प्रत्येक वाक्याच्या आधी एक गृहीत आहे बघा: काय सांडलं ते माहीत आहे. ते माहीत नसेल तर एकच शहाणपण उरतं: माणसं बाहेर काढायची, दार लावायचं, कोणाला आत जाऊ द्यायचं नाही आणि ज्याला माहीत आहे त्याला बोलवायचं. तहान लागल्यावर विहीर खणायची आपली सवय इथं चालत नाही, कारण ज्याला बोलवायचं त्याचा फोन नंबर आदल्या दिवशी भिंतीवर लागलेला हवा.

गेल्या काही वर्षांत पंचगंगेचं पाणी आपण कुठवर आलेलं पाहिलं आहे. विद्यापीठ माळावर आहे, पण शहरातली सगळी कॉलेजं माळावर नाहीत, आणि भांडारं बहुधा तळमजल्यावर असतात, कारण जड बाटल्या वर कोण नेणार? पाण्यानं सगळ्यांत आधी काय सुटतं? कागदाची पट्टी. माझं प्राचार्यांना एवढंच म्हणणं आहे, की जुलै यायच्या आधी खालच्या फळ्या रिकाम्या करा आणि यादीची एक प्रत कॉलेजबाहेर ठेवा, अग्निशमन दलाकडं एक ठेवा.

एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे, घेतो आणि थांबतो. "सर, घरी थर्मामीटर फुटला तर नेमकं काय करायचं?" खिडक्या उघडा, पोरांना खोलीबाहेर काढा, पंखा बंद करा. झाडू मारू नका, गोळ्यांचे आणखी बारीक गोळे होतात. व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नको, तो पाऱ्याची वाफ घरभर फिरवतो. मोरीत टाकू नका. दोन जाड कार्डं घ्या, गोळ्या एकत्र ढकला, औषधाच्या ड्रॉपरनं उचला, बारीक राहिलेल्या चिकटपट्टीनं टिपा. सगळं झाकणाच्या बाटलीत भरा आणि वर लिहा, पारा, आणि तारीख. त्याआधी हातातली अंगठी काढून ठेवा, पारा सोन्याला धरतो आणि सोनं पांढरं पडतं. आणि पडलंच, गुजरीत न्यायची वेळ आलीच, तर अंगठी पुढं करायच्या आधी सराफाला सांगा, की याला पारा लागलाय. नाहीतर तो बिचारा ती सरळ तापवायला घेईल.